आडवं होण्याचं भाडं

बिझनेस क्लासचं तिकीट मागायला माझ्याकडे सूटबूटवाले येत नाहीत. त्यांची तिकिटं कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क काढतो. माझ्याकडे येतात ते गुडघे. बदललेले, बदलायचे राहिलेले, नाहीतर ‘अजून चालतंय हो’ म्हणत कठड्याला धरून वर पोचलेले. हडपसरात मगरपट्टा चौकाजवळ पहिल्या मजल्यावर माझं तिकिटांचं छोटं ऑफिस आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, लिफ्ट नाही. त्यामुळे माणूस दारात येईपर्यंतच मला कळलेलं असतं, की याला इकॉनॉमीत दहा-अकरा तास दुमडून बसवणं बरं नाही.

या भागात असं गिऱ्हाईक भरपूर. मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून टाउनशिप उभी केली, शेजारी आयटीच्या इमारती आल्या आणि तिथल्या नोकऱ्यांवरून मुलं सिअ‍ॅटलला, टोरांटोला, एडिंबराला गेली. मागे राहिले औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांमधून निवृत्त झालेले वडील आणि शाळेतून निवृत्त झालेल्या आया. मुलगा फोनवर सांगतो, “ताई, आईबाबांना बिझनेसनेच पाठवा, पैशांचं बघू नका.” वडील समोर बसून सांगतात, “ताई, एवढ्यात अख्ख्या घराला रंग होतो.” दोघांचंही बरोबर असतं. लांब पल्ल्यावर बिझनेसचं भाडं साधारणपणे इकॉनॉमीच्या तिप्पट ते पाचपट असतं. माझं काम ते अडीचपटीच्या आसपास आणायचं, आणि तेही म्हाताऱ्या माणसांची मधल्या विमानतळावर फरपट न होता.

हे दुसरं कलम महत्त्वाचं. कारण स्वस्त बिझनेस क्लास बहुतेक वेळा वळशामुळे स्वस्त होतो. वळसा म्हटला की मधला देश आला. मधला देश आला की तुमच्या हातातल्या निळ्या पासपोर्टचा प्रश्न आला. म्हणून माझ्याकडे कुणी भाडं विचारलं की मी आधी पासपोर्ट मागते, त्यातली व्हिसाची पानं उलटते आणि मगच स्क्रीनकडे वळते. लोकांना वाटतं मी नाव-जन्मतारीख टिपून घेते आहे.

सरळ, विनावळशाचा बिझनेस क्लास पुण्यातून एकेकाळी होता, हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. २००८ साली लुफ्तान्साने लोहगावहून थेट फ्रँकफर्टला विमान सुरू केलं. विमान लहान, प्रायव्हेटएअर नावाच्या स्विस कंपनीकडून चालवून घेतलेलं, खुर्च्या पन्नासहून कमी आणि सगळ्याच्या सगळ्या बिझनेसच्या. चाकण पट्ट्यात जर्मन मोटार कंपन्या उभ्या राहत होत्या, त्यांच्या साहेबलोकांसाठी ती सोय होती. पुढे त्यात इकॉनॉमीच्या खुर्च्याही आल्या आणि काही वर्षांनी सेवा थांबली. लोहगावची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची, विमानतळ हवाई दलाचा. मोठं विमान पूर्ण इंधन आणि पूर्ण प्रवासी घेऊन युरोपला उडेल अशी ती जागा नाही. जुलै २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, काचा चकचकीत झाल्या. धावपट्टी आहे तेवढीच आहे. म्हणून हडपसरचा माणूस आजही युरोप-अमेरिकेला जायला मुंबई गाठतो, नाहीतर पुण्याहून दिल्लीला जाऊन तिथून पुढे. हा दिल्लीचा रस्ता लोक विचारातच घेत नाहीत. एकाच तिकिटावर पुणे-दिल्ली-परदेश घेतलं तर सामान लोहगावला दिलं की थेट पोचायच्या गावी मिळतं, बदल एकाच छताखाली होतो, आणि बऱ्याच वेळा भाडं मुंबईहून निघण्याइतकंच असतं. द्रुतगती मार्गावरचे चार-पाच तास वाचतात ते वेगळेच. काही जण लाखोंचं तिकीट काढतात आणि मुंबईला जायला शेअर गाडीत मागच्या सीटवर तिघांत बसतात. मी दरवेळी ओरडते.

आता भाड्याचं गणित. विमानात बिझनेस क्लास हा प्रकार आला १९७० च्या दशकाच्या शेवटी. त्याआधी पुढे फर्स्ट आणि मागे इकॉनॉमी एवढंच असे. मग सहलीवाल्यांसाठी सवलतीची भाडी निघाली आणि अडचण झाली. आयत्या वेळी पूर्ण भाडं भरून निघालेला कंपनीचा माणूस, अर्ध्या भाड्यात आलेल्या कुटुंबाच्या शेजारी बसू लागला आणि कुरकुरू लागला. पॅन अ‍ॅम, ब्रिटिश एअरवेज, क्वांटास यांनी त्याच्यासाठी मधला भाग वेगळा काढला. खुर्चीचा पूर्ण सपाट पलंग व्हायला मात्र २००० साल उजाडलं. म्हणजे हा वर्ग मुळात अशा माणसासाठी आहे, जो उद्या जायचं म्हणून आज तिकीट काढतो, सोमवारी जातो, शुक्रवारी परततो, तारीख दोनदा बदलतो आणि बिल कंपनीला पाठवतो.

स्वस्त बिझनेस क्लास म्हणजे या माणसाला चुकवून उरलेल्या खुर्च्या दुसऱ्यांना विकणं. त्यासाठी कंपन्या कुंपणं घालतात. तिकीट महिना-दोन महिने आधी काढा. तिकडे किमान शनिवारची एक रात्र काढा, किंवा किमान इतके दिवस राहा. रद्द केलं तर पैसे विसरा. एकेरी नको, जाऊन-येऊनच घ्या. साहेबाला यातलं एकही जमत नाही. आपल्या काका-काकूंना सगळीच्या सगळी जमतात, कारण त्यांना नातवापाशी तीन-चार महिने राहायचंच असतं. बाजारातली सगळ्यात स्वस्त बिझनेस भाडी ज्याच्यासाठी केलेली असावीत असा प्रवासी हडपसरात घरोघरी आहे, आणि त्यालाच वाटतं हे आपलं काम नव्हे.

साहेब जेव्हा प्रवास करत नाही, तेव्हाही या खुर्च्या स्वस्त होतात. युरोपात जुलै-ऑगस्टमध्ये कचेऱ्या ओस पडतात, नाताळ ते नववर्ष कामं थांबतात. याच दिवसांत आपल्याकडून इकॉनॉमी महाग झालेली असते आणि पुढचा भाग रिकामा जातो, त्यामुळे दोन्हींतलं अंतर कधी कधी बरंच कमी होतं. मंगळवारी रात्री तिकीट काढलं की स्वस्त पडतं, ब्राउझरचा इतिहास पुसला की भाडं उतरतं, या गोष्टी मात्र सोडून द्या. भाडं तुमच्या मोबाइलला ओळखून चढत नाही. ते चढतं कारण खालच्या अक्षरातल्या जागा संपतात.

अक्षर म्हणजे काय? माझ्या स्क्रीनवर बिझनेसच्या खुर्च्या एका आकड्यात दिसत नाहीत. जे ९, सी ९, डी ४, झेड २, पी ० अशी ओळ दिसते. एकाच रांगेतल्या सारख्याच खुर्च्या, पण मंडईतल्या वाट्यांसारख्या वेगवेगळ्या भावाने मांडलेल्या. जे सगळ्यात महाग, पुढची बहुधा उतरत्या भावाची. प्रत्येक कंपनीचा क्रम थोडा वेगळा. नऊ म्हणजे नऊ किंवा जास्त. वेबसाइटवर ‘फक्त २ जागा शिल्लक’ असं लाल अक्षरात दिसतं ते बहुतेक वेळा त्या एका वाट्यापुरतं असतं, अख्ख्या विमानाचं नव्हे. यातून एक उपयोगी युक्ती निघते. चार जणांचं तिकीट एकदम शोधलं आणि स्वस्त वाट्यात दोनच जागा असल्या, तर मशीन चौघांनाही वरच्या भावात टाकतं. म्हणून आधी एका माणसाचं भाडं बघा, मग दोघांचं, मग चौघांचं. भाव जिथे उडी मारेल तिथे तिकीट दोन भागांत काढा.

आणि वळसा. थेट विमान नेणारी कंपनी वेळ वाचवण्याचे पैसे घेते. मध्ये आपल्या गावी उतरवून दुसऱ्या विमानात बसवणाऱ्या कंपनीला तुम्हाला तिकडे ओढायचं असतं, म्हणून ती भाडं पाडते. दोहा, इस्तंबूल, आदिस अबाबा, फ्रँकफर्ट यांचं दुकान याच तत्त्वावर चालतं. त्यातही प्रवास कुठून सुरू होतो यावर भाव ठरतो. कोलंबोहून निघणारी बिझनेसची भाडी मुंबईच्या मानाने कमी असल्याची ख्याती आमच्या धंद्यात जुनी आहे. विमान तेच, खुर्ची तीच. पण त्यासाठी आधी स्वतःच्या खर्चाने कोलंबोला जायचं, तिथली ऑनलाइन परवानगी काढायची, बहुधा एक रात्र राहायचं, आणि परतीचा प्रवासही कोलंबोलाच संपतो. हनिमूनच्या जोडप्याने खुशाल करावं. सत्तरीच्या माणसाला मी हा सल्ला देत नाही. आणि ‘कोलंबोचा टप्पा सोडून देऊ, मधूनच बसू’ असली हुशारी तर अजिबात नको. पहिल्या टप्प्याला गैरहजर राहिलात की पुढचं अख्खं तिकीट, परतीसकट, रद्द होतं.

आता ज्यासाठी पासपोर्ट मागते त्या गोष्टीकडे येते. आमच्या शेजारच्या मांजरी गावातले एक काका-काकू माझ्याकडे आले. मुलगी एडिंबराला. भारतातून थेट विमान नाही, त्यामुळे मध्ये कुठेतरी उतरायचंच. हातात ब्रिटनचा व्हिसा आहे, बाकी पासपोर्ट कोरा. स्क्रीनवर सगळ्यात स्वस्त बिझनेस दिसतो फ्रँकफर्टमार्गे. दोन तासांचा हॉल्ट, एकच तिकीट, सामान थेट. कुणीही डोळे झाकून काढेल. आणि मुंबईच्या काउंटरवरची मुलगी पासपोर्ट चाळून म्हणेल, “सर, ट्रान्झिट व्हिसा?”

युरोपातल्या शेंगेन देशांनी विमानतळापुरत्या ट्रान्झिट व्हिसासाठी देशांची एक सामाईक यादी केली आहे. तिच्यात पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आहेत, भारत नाही. पण सदस्य देशाला स्वतःची जादा यादी ठेवता येते, आणि जर्मनीने तशी ठेवून तिच्यात भारतीयांना घातलं. म्हणजे विमानतळाच्या दाराबाहेर पाऊलही न टाकता, एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जायचं तरी आधी व्हिसा. नेदरलँड्सने भारताला तसं घातलेलं नाही. त्यामुळे तेच काका, तोच पासपोर्ट, तेच एडिंबरा, पण अ‍ॅमस्टरडॅममार्गे गेले तर प्रश्न नाही. दोन विमानतळांमध्ये तासाभराचं अंतर, नियमात एवढा फरक.

यात सूट आहे, पण ती कुणाला हे नीट वाचायला लागतं. अमेरिका, कॅनडा किंवा जपान यांचा वैध व्हिसा असेल तर हा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. ब्रिटनचं नाव त्या ओळीत नाही. ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर त्याचा व्हिसा सवलतीत बसत होता. संघातून बाहेर पडल्यावर सवलतही गेली. लोकांच्या डोक्यात मात्र जुनाच हिशेब पक्का बसला आहे: ब्रिटनचा व्हिसा म्हणजे मोठा व्हिसा, त्यावर युरोपात नुसतं विमान बदलायला कोण अडवतंय? अडवतात.

जानेवारी २०२६ मध्ये जर्मनीचे चॅन्सलर फ्रिडरिश मेर्त्स भारतात आले, तेव्हा भारतीयांना जर्मनीत विमान बदलण्यासाठी व्हिसाची अट काढणार असल्याची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी माझा फोन थांबेना. मी प्रत्येकाला एकच सांगितलं: तिकीट बातमीवर काढायचं नसतं, काउंटरवरच्या स्क्रीनवर ओळ बदलली की काढायचं. ती स्क्रीन म्हणजे टिमॅटिक, विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, आयाटाची माहितीपेढी. कुठल्या पासपोर्टवर, कुठला व्हिसा असताना, कुठून कुठे, कुठल्या मार्गे जाताना काय लागतं, ते तिच्यात असतं. काउंटरवरचा माणूस तुमच्याशी वाद घालत नाही, तो टिमॅटिक वाचतो. त्याच्याही मानेवर सुरी असते. कागद नसलेला प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणण्याचा खर्चही तिच्याच माथी. म्हणून ‘तिकडे गेल्यावर बघू’ हे वाक्य मुंबईतच संपतं. अशा वेळी नुकसानभरपाईही मिळत नाही, कारण कागद पुरे ठेवणं ही प्रवाशाची जबाबदारी. स्वस्तातलं तिकीट परत न मिळणारं असेल तर काही कर तेवढे हाती येतात. आयाटाच्या आणि बऱ्याच विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर हीच माहिती सामान्य माणसालाही मोफत बघता येते. तिकिटाचे पैसे भरण्याआधी बघा, नंतर नाही.

शेंगेनची दुसरी खोच याहून फसवी आहे. मुंबई-म्युनिक-फ्रँकफर्ट-शिकागो असं तिकीट कधी कधी सरळ तिकिटापेक्षा बरंच स्वस्त दिसतं. म्युनिक ते फ्रँकफर्ट हा टप्पा देशांतर्गत. त्यासाठी म्युनिकला इमिग्रेशन ओलांडून युरोपात शिरावं लागतं, आणि शिरायचं म्हणजे पूर्ण शेंगेन व्हिसा. इथे अमेरिकेच्या व्हिसाची सूट चालत नाही, कारण ती विमानतळात थांबण्यापुरती आहे. दोन शेंगेन विमानतळ दिसले की मी तिकडे भाडं बघायचंसुद्धा थांबवते.

लंडनची तऱ्हा वेगळी. तिथे भारतीयाला विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायचं असेल तरी वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असेल तर सूट. हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढे जायचं असेल तर बाहेर पडणं आलं, नियम आणखी बदलले. दोन विमानतळांची शहरं हा एक स्वतंत्र सापळा आहे: लंडन, पॅरिस, टोकियो, इस्तंबूल. तिकिटावर शहराचं नाव एकच छापलेलं असतं. बारीक अक्षरातले विमानतळाचे तीन अक्षरी कोड वाचा. न्यूयॉर्कला तर जेएफके आणि नेवार्क ही दोन वेगळ्या राज्यांत आहेत.

अमेरिकेत ‘नुसतं विमान बदलणं’ हा प्रकारच नाही. ऑगस्ट २००३ पासून व्हिसाशिवाय ट्रान्झिटची सोय बंद आहे. वेस्ट इंडीजला क्रिकेट बघायला मायामीमार्गे निघालात तरी अमेरिकेचा व्हिसा हवा, इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहायला हवं. टोरांटोमार्गे अमेरिकेला जायचं तर कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा हवा. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा तिथे उपयोगाचा नाही. कॅनडा या व्हिसाचे पैसे घेत नाही, पण अर्ज आहे आणि वाट बघणं आहे. न्यूझीलंडला सिडनीमार्गे जाणाऱ्यालाही तसंच: शुल्क नाही, अर्ज आहे. त्यापेक्षा सिंगापूरमार्गे जा, आतल्या आत बदलायला काही लागत नाही.

याउलट दुबई, अबुधाबी, दोहा, इस्तंबूल इथे एका तिकिटावर, विमानतळाबाहेर न पडता बदलायला भारतीयाला व्हिसा नको. आखाती कंपन्यांनी आपल्या लोकांना जिंकलं ते केवळ खुर्चीने नाही, या सोयीनेही. अबुधाबीत तर २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशनच बसलेलं आहे. शिक्का तिथेच होतो आणि न्यूयॉर्कला माणूस देशांतर्गत प्रवाशासारखा उतरून सामान घेऊन बाहेर पडतो. इंग्रजीत उत्तरं द्यायची धास्ती असलेल्या आईबाबांना मी हा मार्ग मुद्दाम सुचवते. रांग तिथेही असते, पण चौदा तासांचं उड्डाण अजून व्हायचं असतं, अंगात त्राण असतं.

अमेरिकेचा व्हिसा ज्याच्या पासपोर्टवर आहे त्याला एवढे वळसे मोकळे होतात, की भाड्याचा अख्खा बाजारच त्याच्यासाठी वेगळा. फ्रँकफर्ट खुलं, लंडन खुलं, सिंगापुरात शहर बघायला ९६ तास, अमिरातीत उतरल्यावर १४ दिवसांचा व्हिसा, तुर्कस्तानचा ई-व्हिसा. कोऱ्या पासपोर्टचा माणूस त्याच दिवशी, त्याच गावी जायला त्याच्यापेक्षा महाग तिकीट काढतो, कारण स्वस्तातले रस्ते त्याला बंद असतात. हा अन्याय आहे असं मला वाटतं, पण माझ्या हातात एवढंच आहे, की त्याला बंद रस्त्याचं तिकीट विकायचं नाही.

आणि हे सगळं लागू होतं ते एका तिकिटाला. आजकाल संकेतस्थळं दोन वेगळ्या कंपन्यांची वेगळी तिकिटं जोडून एक स्वस्त प्रवास दाखवतात. खाली बारीक अक्षरांत ‘सेल्फ ट्रान्सफर’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा, की मध्ये इमिग्रेशन ओलांडा, पट्ट्यावरून बॅग घ्या, पुन्हा चेक-इन करा. म्हणजे त्या देशात तुम्ही पाहुणे झालात, आणि पाहुण्याला व्हिसा लागतो. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं गेलं, तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखत नाही. असं करायचंच असेल तर मधला देश भारतीयांना सध्या व्हिसाशिवाय घेणारा निवडा, जसं थायलंड किंवा मलेशिया. त्यांचंही ऑनलाइन आगमन-पत्रक आधी भरावं लागतं. आणि मध्ये एक रात्र ठेवा.

तिकीट खरोखर बिझनेसचं आहे का, हेही टप्प्याटप्प्याने बघावं लागतं. ‘बिझनेस’ म्हणून शोधलेल्या यादीत कित्येकदा मुंबई ते आखात हा तीन तासांचा तुकडा बिझनेस असतो आणि पुढचा चौदा तासांचा इकॉनॉमी. भाडं आकर्षक दिसण्याचं कारण तेच. युरोपातल्या युरोपात तर बिझनेस म्हणजे तीच इकॉनॉमीची खुर्ची, मधली जागा रिकामी ठेवलेली आणि जेवण जरा बरं. शिवाय विमानाची जात बघा. काही विमानांत बिझनेसच्या खुर्च्या दोन-तीन-दोन अशा असतात, मधल्याला उठायला शेजाऱ्याच्या पायावरून जावं लागतं. एक-दोन-एक असेल तर प्रत्येकाला वाटेची बाजू. गुडघ्याचा रुग्ण असेल तर मी यासाठी चार पैसे जास्त द्यायला लावते.

कराचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीवर जीएसटी ५ टक्के राहिला आणि बाकी वर्गांवर १२ चा १८ झाला. दोन लाखांच्या भाड्यावर आधी २४ हजार होते, आता ३६ हजार. प्रीमियम इकॉनॉमीही या १८ मध्येच येते, त्यामुळे ‘मधला मार्ग’ म्हणून ती पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही. भाड्यांची तुलना करताना करासकट आकडा घ्या.

इकॉनॉमी काढून नंतर वर सरकायचे रस्तेही आहेत. काही कंपन्या उड्डाणाच्या आधी ई-मेल पाठवून बोली मागतात. बोली लागली तर बिझनेस, नाही तर कार्डाला हात लागत नाही. पण ती दर माणशी, दर टप्प्याची असते, हे विसरून लोक दुप्पट-चौपट बोलून बसतात. क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सवर फिरणारी मगरपट्ट्यातली तरुण मंडळी माझ्याहून हुशार आहेत, त्यांना मी काही शिकवत नाही. एवढंच की पॉइंट्सच्या तिकिटावरही ट्रान्झिटचे नियम तेच.

मांजरीच्या काकांना मी अ‍ॅमस्टरडॅमचं भाडं सांगितलं. फ्रँकफर्टपेक्षा ते जास्त होतं आणि मी का जास्त ते समजावलं. त्यांनी माझ्याच टेबलावरचं पेन घेऊन पाकिटाच्या मागे बेरीज केली. बऱ्याच कंपन्या जाण्याचं आणि येण्याचं भाडं अर्धं-अर्धं मोजतात, त्यामुळे एक बाजू बिझनेस आणि एक इकॉनॉमी असंही करता येतं, हे त्यांना तेव्हाच कळलं.

“मग जाताना आडवं आणि येताना बसून,” ते म्हणाले.

काकू इतका वेळ गप्प होत्या. “उलटं करा,” त्या म्हणाल्या. “जाताना लेकीला भेटायचं म्हणून झोप कशी ती लागायची नाही. फुकट कशाला पैसे?”

काकांनी बेरीज खोडली. मी तारखा बदलून भाडं पुन्हा बघितलं. परतीच्या दिवशी झेडमध्ये दोन जागा होत्या.